बेअरिंग बदलूनही न जाणारा आवाज : जिप्सीचा पुढचा एक्सल कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा: १९९९ ची जिप्सी किंग, देवगडकडची. आंब्याच्या बागेत रोजचं काम आणि अधूनमधून फोंडा घाटातून कोल्हापूर. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालली की पुढून, बहुतेक डावीकडून, ‘कुर्र-कुर्र’ असा आवाज सुरू होतो. २५ ते ४५ च्या वेगात जास्त, आणि डावीकडे वळताना वाढतो. ॲक्सिलरेटर सोडला, गिअर न्यूट्रल केला तरी तसाच. ब्रेकला पाय लावला तरी फरक नाही. डाव्या चाकाचे दोन्ही बेअरिंग आणि ब्रेक पॅड बदलून झाले. डाव्या हबचा नॉब (चाक आतल्या शाफ्टला जोडणारा-सोडणारा) गेल्या पावसाळ्यापासून ‘लॉक’वर अडकलाय, पण फोर व्हील लावतच नाही म्हणून तो तसाच सोडला आहे. आता मेस्त्री म्हणतात डिफरन्शियल (‘डिफ’, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) उतरवूया. उतरवायचं का?

अजून नको. आधी तो अडकलेला नॉब. प्रश्नात तो शेवटी आलाय, पण बाकीच्या सगळ्या लक्षणांचा अर्थ त्याच्यावर अवलंबून आहे.

डावा हब लॉक, उजवा फ्री आणि ट्रान्स्फर लिव्हर टू-एचवर (जोर फक्त मागच्या चाकांना), अशी गाडी चालते तेव्हा आत काय होतं ते बघा. डावं चाक डाव्या शाफ्टला फिरवतं. शाफ्ट डिफमधल्या साइड गिअरला फिरवतो. तिथून पुढे दोन वाटा आहेत. क्राऊन (डिफचा मोठा गिअर) आणि त्याला जोडलेला लांब प्रोपेलर शाफ्ट फिरवायचा, नाहीतर छोट्या स्पायडर गिअरवरून उजवा शाफ्ट उलटा फिरवायचा. ज्या वाटेला अडथळा कमी, ती वाट. क्राऊन आणि त्याला लागून फिरणारा छोटा पिनियन, प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर देणाऱ्या डब्याचा) पुढचा आऊटपुट एवढं लटांबर ओढण्यापेक्षा मोकळा उजवा शाफ्ट फिरवणं सोपं, म्हणून बहुतेक वेळा तोच उलटा फिरतो. किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे ताशी ४० ला चाक सेकंदाला पाचाहून जास्त फेरे घेतं, आणि उजवा शाफ्ट तेवढ्याच वेगाने उलटा.

स्पायडर गिअर हे वळणावर दोन चाकांतला थोडासा फरक भरून काढायला असतात. सलग तासभर पूर्ण वेगात फिरायला ते केलेले नाहीत. त्यांच्यामागचे थ्रस्ट वॉशर पातळ पत्र्याचे असतात, आणि क्राऊन जागेवर थांबला असेल तर तेल उडवणारंही कोणी नसतं. शिवाय आवाज ‘डावीकडून’ येतो म्हणून डावीकडे शोधायचं, हेही आता टिकत नाही. उजवा शाफ्ट, उजवा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी शाफ्ट फिरू देणारा सांधा), सगळं फिरतंय, आणि उजव्या स्पिंडलमधला (चाकाचे बेअरिंग बसतात त्या पोकळ दांड्यातला) बुश घासतोय. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत आवाज चॅसीवरून इकडचा तिकडे जातो, त्यात समोर मोकळं पत्र्याचं बॉनेट.

दुसरा धागा वळणाचा. डावीकडे वळलात की गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. डावं बेअरिंग खराब असतं तर डावीकडे वळताना त्याचा आवाज कमी व्हायला हवा होता आणि उजवीकडे वळताना वाढायला. तुमच्याकडे उलटं आहे. म्हणजे डावं बेअरिंग हा पहिला संशयित कधी नव्हताच. वळताना वाढणारा आवाज दोन ठिकाणचा असू शकतो: उजव्या चाकाचं बेअरिंग, किंवा डावा सीव्ही जॉइंट आणि स्पिंडल बुश, कारण वळणाच्या आतल्या बाजूचं चाक जास्त कोनात वळतं.

ॲक्सिलरेटरने फरक पडत नाही यात आश्चर्य नाही. टू-एचमध्ये पुढच्या एक्सलला इंजिनचा जोर जातच नाही. त्यामुळे ‘जोर दिला की हुंकार, सोडला की गप्प’ ही क्राऊन-पिनियनची नेहमीची खूण इथे लागू होत नाही, आणि तेवढ्यावरून डिफ निर्दोषही ठरत नाही.

काही न उतरवता करायच्या चाचण्या

जिप्सीसारख्या गाडीत हब आणि ट्रान्स्फर लिव्हर मिळून पुढच्या एक्सलचे भाग एकेक करून थांबवता येतात. ही सोय नव्या गाड्यांत सहसा नसते, आणि ज्यांच्याकडे आहे तेही वापरत नाहीत याचं वाईट वाटतं. त्यासाठी सपाट, सरळ, गर्दी नसलेला दोनेक किलोमीटर रस्ता हवा. देवगड-विजयदुर्गकडचे सडे त्यासाठी उत्तम. सकाळी लवकर जा, वारा कमी असतो. आधी गाडी वीस मिनिटं चालवून आवाज आणा, मगच चाचणी, कारण थंड गाडीवर तुम्हाला काही कळणार नाही.

पहिली चाचणी: दोन्ही हब फ्री, लिव्हर टू-एच. तुमचा नॉब फिरत नाही, तर हबची बॉडी धरणारे सहा बोल्ट काढून बॉडीच बाहेर घ्या. चाक बेअरिंगच्या नटावर बसलेलं असतं, हबच्या बॉडीवर नाही, त्यामुळे ते निघून येत नाही. उघड्या तोंडावर प्लास्टिकची जाड पिशवी आणि टेप लावा, नाहीतर जांभ्याची लाल धूळ थेट नव्या बेअरिंगमध्ये. आता फक्त चाक, हब, डिस्क आणि बेअरिंग फिरतायत. शाफ्ट, जॉइंट, डिफ, प्रोपेलर शाफ्ट सगळं थांबलेलं. आवाज तसाच राहिला तर तो बेअरिंग, ब्रेक किंवा टायरचा, आणि एक्सल उघडायची गरजच नाही. आवाज गेला तर बेअरिंगवर पुन्हा खर्च करू नका.

दुसरी: हबची बॉडी साफ करून परत बसवा, दोन्ही फ्री ठेवा, लिव्हर फोर-एच (जोर पुढच्या एक्सललाही). हब फ्री असल्यामुळे डांबरी रस्त्यावर हे करायला हरकत नाही, ट्रान्समिशनमध्ये ताण साठत नाही. आता ट्रान्स्फर केसकडून प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरतात. दोन्ही शाफ्ट सारख्याच वेगाने जात असल्यामुळे स्पायडर गिअर आपल्या जागी गप्प. म्हणून ‘एक हब लॉक’मध्ये येणारा आवाज इथे नाहीसा झाला तर बोट स्पायडर गिअर आणि त्यांच्या वॉशरकडे जातं. इथेही आला तर बुश, सीव्ही जॉइंट, पिनियन बेअरिंग किंवा प्रोपेलर शाफ्ट.

तिसरी: दोन्ही हब लॉक, टू-एच. दुसरीत फिरत होतं तेच सगळं आता चाकांकडून फिरतं. दुसरीत शांत आणि तिसरीत आवाज असेल तर दोष बहुधा हबच्या आतल्या क्लचमध्ये: दाते अर्धवट बसतायत, स्प्रिंग मेलीय किंवा आत गंज आहे.

चौथी: दोन्ही लॉक, फोर-एच, पण कच्च्या मातीवर. बागेतला रस्ता चालेल. पुळणीवर नको. खारं पाणी हेच अर्ध्या दुखण्याचं मूळ, आणि कित्येक किनाऱ्यांवर कासवांची अंडी असतात. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जोर दिल्यावर ‘टक-टक-टक’ असा चाकाबरोबर येणारा ठोका म्हणजे सीव्ही जॉइंटच्या गोळ्यांनी खोबणीत खड्डे पाडलेत.

एक गोष्ट मात्र करू नका: ‘फक्त डावा लॉक, मग फक्त उजवा लॉक’ करून बाजू शोधायचा प्रयत्न. सगळे हेच सुचवतात, पण वर सांगितल्याप्रमाणे एक लॉक केलात की दुसऱ्या बाजूचा शाफ्ट उलटा फिरू लागतो. निकाल फसवा येतो आणि चुकीची बाजू उघडली जाते.

या सगळ्याबरोबर आवाज मोजा. ताशी १० ला चाक सेकंदाला साधारण सव्वा फेरा घेतं, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच्या जवळपास चौपट. शेजारी कोणाला तरी बसवून स्पीडोमीटर १० वर धरा आणि कान द्या. सेकंदाला एखादा ‘कुर्र’ येत असेल तर तो चाकाच्या किंवा शाफ्टच्या फेऱ्याचा. पाचाच्या आसपास भराभर येत असतील तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाच्या सांध्यातला तुकडा) किंवा पिनियन. हा हिशेब फुकट आहे आणि क्वचितच चुकतो.

क्रॉसचा संशय आला तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही फ्लॅंजचे बोल्ट काढून पूर्ण उतरवा आणि तिसरी चाचणी पुन्हा करा. आवाज गेला तर शाफ्ट किंवा ट्रान्स्फर केसचा पुढचा आऊटपुट. राहिला तर एक्सल. उतरवण्याआधी दोन्ही फ्लॅंजवर आणि मधल्या सरकत्या भागावर पंचाने खूण करा. परत बसवताना दोन टोकांचे योक एका रेषेत आले नाहीत तर जुना आवाज जाईल आणि नवी थरथर सुरू होईल.

बाजू ओळखण्यासाठी हल्ली स्वस्त उपाय आहे. मोबाइलला लागणारा कॉलर माइक फडक्यात गुंडाळून केबल टायने नकलवर (चाक धरून स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या भागावर) बांधा, वायर चाक आणि टाय रॉडपासून लांब ठेवा, रेकॉर्डिंग करा. मग तसाच दुसऱ्या बाजूला, मग डिफच्या हाउसिंगवर. तीन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली की शंका राहत नाही. गाडीत बसून ‘इकडून येतोय बघ’ म्हणण्यापेक्षा हे शंभर पटीने खरं.

जॅकवर

पुढची दोन्ही चाकं उचला, स्टँड एक्सलच्या नळीखाली पाट्यांच्या जवळ. अंगण मातीचं असेल तर स्टँडखाली जाड फळी हवी. स्टँड नाही म्हणून जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं टिकतो, पण एका टोकावर भार आला की न सांगता फुटतो. चिऱ्यावरच्या गाडीखाली शिरू नका. आणि पुढची चाकं हवेत ठेवून, मागची जमिनीवर असताना इंजिन चालू करून फोर व्हील लावू नका. मागच्या चाकांना जोर मिळतोच, गाडी स्टँडवरून उडी मारेल. फिरवायचं ते हाताने.

चाक वर-खाली, घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. कॅलिपर नकलवर असतो, त्यामुळे ब्रेक दाबला की हब आणि नकल एक होतात. आता खेळ गेला तर बेअरिंग सैल. तरीही आहे तर किंगपिनचे (नकल ज्यावर वळते त्या खिळीचे) बेअरिंग गेलेत. जिप्सीच्या नकलला वर एक, खाली एक असे छोटे टेपर बेअरिंग असतात आणि कोकणच्या पाण्यात खालचा आधी मरतो, कारण पाणी तिथेच साचतं. किंगपिन सैल झाला की नकल थोडी तिरकी बसते, सीव्ही जॉइंट मध्यातून सरकतो आणि आतलं ऑइल सील एका बाजूने झिजतं. म्हणजे किंगपिनचं दुखणं काही महिन्यांनी जॉइंटचं दुखणं म्हणून समोर येतं.

मग हब लॉक करून चाक हाताने हळू फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं नकलच्या वरच्या टोपीवर टेकवा. कानाला लागण्याआधी बोटांना कळतं. खरखर वाटली तर हब फ्री करून पुन्हा फिरवा. फ्री केल्यावर खरखर गेली तर ती शाफ्टची. राहिली तर बेअरिंग किंवा ब्रेकची. स्टीअरिंग सरळ, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, तिन्ही स्थितींत बघा. दोन्ही बाजूंना बघा, उजवीकडेही.

नव्या बेअरिंगवरही एक नजर टाका. नवं घातलं म्हणजे बरोबर घातलं असं नाही. बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) हबमध्ये पूर्ण बसला नसेल तर पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये सैल पडतो. पितळी पंचाने गोल गोल ठोकताना तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, तोपर्यंत थांबायचं नाही. नट घट्ट करताना चाक फिरवत राहा, मग पूर्ण ढिला करा आणि परत हलकाच आवळा. भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा स्प्रिंग काटा चाकाच्या स्टडला अडकवून ओढा. हब १ ते ३ किलोच्या ओढीला फिरू लागला पाहिजे. ही मोजणी कॅलिपर आणि पॅड बाजूला काढूनच, नाहीतर पॅडचं घासणं काट्यात येतं. त्यानंतर लॉक वॉशरची कड नटावर वाकवायची. पॅना लांब आणि हात जड असला की नवं बेअरिंग निळं पडायला एक घाट पुरतो.

तुमच्या गाडीत बहुधा काय आहे

अडकलेला हब, वीस मिनिटांनी सुरू होणारा आवाज, वळताना फरक, जोराशी संबंध नाही. हे सगळं एकत्र ठेवलं तर माझा पहिला संशय स्पिंडलच्या आतला पितळी बुश आणि त्यात फिरणारा सीव्ही जॉइंटचा दांडा. दुसरा संशय स्पायडर गिअरचे वॉशर.

बुशाचं असं होतं. स्पिंडल नकलला बोल्टने पक्का असतो, तो फिरत नाही. त्याच्या आतून जॉइंटचा दांडा जातो आणि बुशावर टेकतो. हब फ्री असतो तेव्हा दांडा थांबलेला, चाक बाहेरून फिरतं, बुशाला काही काम नाही. महिनोन्‌महिने असं चाललं की दांड्यावर एकाच जागी गंज धरतो. त्यात पऱ्हे-नदी ओलांडणं, होडी ओढायला गाडी खाडीत उतरवणं आणि वरून खारी हवा. मग एक दिवस हब लॉक होतो आणि तो गंजलेला, कोरडा दांडा पितळेत फिरायला लागतो. आधी थोडं जुनं ग्रीस असतं म्हणून शांत. गरम झाल्यावर ग्रीस पातळ होऊन बाजूला जातं. बुश बाहेरून लोखंडात जखडलेला असल्यामुळे पितळ आतल्या बाजूला फुगतं, फट कमी होते आणि ‘कुर्र’ सुरू. थांबून चहा प्यायलात की थंड होऊन पुन्हा गप्प. गॅरेजमध्ये नेईपर्यंत आवाज गेलेला असतो तो त्यामुळेच.

तपासायला डिफ उतरवावं लागत नाही. क्रम असा: चाक, कॅलिपर (होसवर लोंबकळू देऊ नका, तारेने पाट्याला बांधा), हबची बॉडी आणि दांड्याच्या टोकाची सर्क्लिप (अडकवणारी कडी), बेअरिंगचे नट, डिस्कसह हब, मग स्पिंडलचे बोल्ट. स्पिंडल चिकटलेला असतो. त्याच्या कडेला लाकडी ठोकळा ठेवून ठोका, आट्यांवर हातोडी मारू नका. स्पिंडल बाहेर आला की दांडा आणि जॉइंट शाफ्टसह ओढून काढता येतो. त्याआधी डिफचं तेल काढून घ्या, किंवा निदान ती बाजू जॅकने बरीच उंच ठेवा. शाफ्ट काढताना त्याचं वजन हातावर तोलून धरा. स्प्लाईन आतल्या ऑइल सीलवरून घासत आणले की चांगलं सील तिथेच संपतं. डिफ मध्यात नसून एका बाजूला आहे, म्हणून दोन्ही शाफ्टची लांबी वेगळी. दोन्ही बाजू एकदम उघडल्यात तर अदलाबदल नको.

आत काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. नकलच्या पोकळीत ग्रीस काळं पण घट्ट असेल तर उत्तम. काळं, पातळ, वाहणारं आणि गिअर ऑइलचा वास येणारं असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफचं तेल नकलमध्ये येतंय. डिफमधलं तेलही त्या प्रमाणात कमी झालेलं असणार. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग असेल तर पाणी. जॉइंट धुऊन आतला भाग तिरका करून गोळ्या आणि खोबण्या बघा. नखाला लागेल असा खड्डा म्हणजे जॉइंट बदलायचा. फक्त डाग असतील तर चालवा. दांड्याच्या बुशावर फिरणाऱ्या भागात गंजाची उभी कड असेल आणि ती बारीक पॉलिश पेपरने जात नसेल तर नवा बुश घालूनही तो वर्षभरात खाऊन टाकेल. नवा बुश मिळाला नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गनमेटलचा करून मिळतो. दांडा आणि स्पिंडल दोन्ही घेऊन जा, नुसतं माप सांगू नका. आतून ग्रीसची खाच मारून घ्यायला विसरू नका.

किंगपिन याच वेळी उघडायचे की नाही? माझं मत, हो. इतकं उघडल्यावर सील आणि दोन छोटे बेअरिंग वाचवण्यात अर्थ नाही. वरच्या आणि खालच्या टोपीखालचे शिम (पातळ चकत्या) वेगवेगळे बांधून खुणा करून ठेवा. नवे बेअरिंग घातल्यावर नकलचं मोठं सील न लावता, टाय रॉडच्या भोकात तोच काटा अडकवून ओढा. १.० ते १.८ किलोच्या दरम्यान नकल वळायला लागली पाहिजे. कमी लागत असेल तर शिम काढा, जास्त लागत असेल तर घाला. नकलचं सील त्यानंतर.

ग्रीस मॉलिब्डेनमवालं, लिथियम बेसचं, एनएलजीआय २. जॉइंटच्या आत बोटाने दाबून पूर्ण भरा आणि नकलची पोकळी साधारण अर्धी ते दोन तृतीयांश. ठासून भरलंत तर गरम होऊन सीलमधून बाहेर येतं. बुशाला आणि त्याच्यासमोरच्या थ्रस्ट वॉशरला वेगळं लावा, तिथे आपोआप काही पोचत नाही. हबच्या क्लचला मात्र उलट: फार पातळ थर. जाड ग्रीसने स्लीव्ह सरकत नाही आणि नॉब पुन्हा अडकतो. तुमचा अडकलेला नॉब नुसत्या वाळलेल्या ग्रीसने अडकलाय की गंजाने, ते डिझेलमध्ये रात्रभर ठेवल्यावर कळेल. पक्कड लावून नॉब फिरवू नका, तो तुटतो.

उजव्या बाजूचा बुशही उघडून बघा. तो वर्षभर उलटा फिरलाय.

डिफचा निर्णय तेलावरून

तेल काढताना स्वच्छ पांढऱ्या टबात काढा. ड्रेन प्लगवर करडी, बोटात चोळल्यावर रेशमासारखी लागणारी पेस्ट नेहमीचीच. पितळी चकाकी किंवा पातळ पापुद्रे असतील तर ते थ्रस्ट वॉशरचे. टोकदार तुकडा म्हणजे दाता. पेस्टच असेल आणि दुसऱ्या चाचणीत आवाज नसेल, तर हब फ्री झाल्यावर हे डिफ अजून बरीच वर्षं जाईल, त्याला हात लावू नका. पापुद्रे असतील तर डिफ बाहेर काढा, पण मेस्त्रीला स्पष्ट सांगा की स्पायडर आणि वॉशर बदलायचेत, क्राऊन-पिनियनची जुळणी मोडायची नाही. साइड बेअरिंगच्या टोप्या डाव्या-उजव्या खुणा करूनच सोडायच्या. परत बसवताना क्राऊनचा बॅकलॅश (दात्यांमधला खेळ) डायल गेजने ०.१३ ते ०.१८ मिलिमीटरच्या आत. हाताने हलवून ‘ठीक वाटतंय’ हे माप नव्हे.

पुढच्या डिफमध्ये ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल साधारण २ लिटर बसतं. खरं माप फिलर प्लगच्या काठाला तेल येणं, आणि गाडी सपाट उभी असताना. फिलर प्लग सुटतो का ते ड्रेन उघडण्याआधी बघा. तेल काढून झाल्यावर वरचा प्लग गोल झालेला आढळणं हा आपल्याकडच्या गंजात नेहमीचा प्रकार.

तेल दुधाळ निघालं तर सील बदलण्याआधी ब्रीदर (एक्सलमध्ये हवा येण्या-जाण्याची वाट) शोधा. एक्सलच्या नळीवरची छोटी टोपी चिखलाने बंद झालेली असते. चालून गरम झालेला एक्सल खाडीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर ती कमतरता सीलमधून पाणी ओढून भरून निघते. नवी सील घालूनही पुन्हा पाणी येतं ते यामुळे. तेलाला चालणारा पाइप लावून ब्रीदर बॉनेटखाली उंच नेऊन ठेवला की हा प्रश्न संपला. पुढे-मागे दोन्हीकडे करा.

बाकीच्या गोष्टी भराभर. डिस्कमागचा पत्रा गंजून डिस्कला टेकत असेल तर आवाज पहिल्या चाचणीतच येईल. पत्रा आणि डिस्कमध्ये अडकलेला जांभ्याचा खडाही तसाच किरकिरतो. कॅलिपरच्या पिना खाऱ्या हवेत जाम होतात. फेरी मारून आल्यावर दोन्ही हबवर पाण्याचे थेंब टाका, एकीकडे चुरचुरलं आणि दुसरीकडे नाही, तर तो ब्रेक धरतोय. टायरच्या गठ्ठ्यांवरून तळवा पुढे आणि मागे फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर आवाज टायरचा असू शकतो. पुढचे मागे टाकून बघा. खड्ड्यातच येणारा ‘खट्ट’ हा पाट्याच्या शॅकलचा, बुशाचा किंवा सैल यू-बोल्टचा, त्याचा तुमच्या ‘कुर्र’शी संबंध नाही. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना पायाखाली धप्प होत असेल तर ट्रान्स्फर केसचे रबर माउंट फाटलेत. तेही पुढच्या एक्सलच्या नावावर खपतं.

सामान आणताना जुना नमुना सोबत न्या. १९८५ पासूनच्या जुन्या जिप्सीचे आणि १९९६ नंतरच्या किंगचे सगळे भाग एकमेकांना बसत नाहीत. दुकानदार ‘जिप्सीचंच आहे’ म्हणून देतो, आणि तुम्ही परत नांदगाव तिठ्यापर्यंत पोचल्यावर कळतं. सील आणि बेअरिंग चांगल्या कंपनीचेच घ्या. सीव्ही जॉइंट मात्र लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचे वापरलेले मिळतात, खोबण्या स्वच्छ असतील तर ते नव्या स्वस्त जॉइंटपेक्षा बरे.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरनी बेअरिंगचा खेळ आणि कॅलिपरचे बोल्ट पुन्हा तपासा. डिफमध्ये पापुद्रे सापडून वॉशर बदलले असतील तर त्याच वेळी तेलही पुन्हा काढून नवं भरा, हाउसिंगच्या कोपऱ्यांत राहिलेला कचरा त्यात निघतो. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून बागेतल्या मातीवर फोर-एचमध्ये अर्धा किलोमीटर गाडी फिरवा, मग दोन्ही हब एकत्रच फ्री करा.